विलायती अंडी

कोंडाबाईनं बसवलेली कोंबडी रिकामी उठत नाही, असं कमठाण्याच्या भीमनगरात बोललं जायचं. कुणाची कोंबडी खुडूक होऊन कोपऱ्यात फुगून बसली की घरातली बाई अंडी पदरात घेऊन कोंडाबाईच्या दारात यायची. कोंडाबाई एकेक अंडं कानाशी धरून हलवायची, उन्हाकडं धरून बघायची, संशय आला ते बाजूला काढायची. मग टोपलीत भुसा पसरून, भुशाखाली विळ्याचं मोडकं पातं ठेवून वर अंडी मांडायची. लोखंड असलं की आभाळ गडगडलं तरी अंड्यातला जीव दचकत नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. शेवटी कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून वर ठेवायची आणि तीन आठवडे टोपलीला कुणाचा हात लागू द्यायची नाही. या कामाचं ती काही घेत नसे. नाव होतंय तेवढं तिला पुरे होतं, आणि नावाची चटक लागली की माणूस भाकर विसरतं.

त्या नावातच एक कुसळ होतं. तिची सून शोभाबाई आळंद तालुक्यातल्या कडगंचीची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. शेजारची राघोबाची आई एकदा हिरीवर सगळ्या बायांदेखत म्हणाली होती, की गावभराची पिल्लं काढणाऱ्या बाईचं घरचं खुराडं तेवढं रिकामं. बाया हसल्या. कोंडाबाईही हसली, पण घागर डोक्यावर घेताना तिचा हात चुकला आणि निम्मं पाणी अंगावर सांडलं. तेव्हापासून राघोबाची आई दुसरी सून म्हणून उदगीरकडच्या एका पोरीचं नाव अधूनमधून काढायची. कोंडाबाई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. आणखी एक वर्ष बघू, असं ती मनाशी दोन वर्षं म्हणत होती. शोभाबाईला हे सगळं कळत होतं. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची आणि ताटावर सगळ्यांच्या नंतर बसायची.

त्या साली पाऊस मृगात दोन सरी टाकून गेला तो गेलाच. ज्वारी वीतभर वाढून करपली. हिरीत खडक दिसायला लागला. कोंडाबाई, तिचा नवरा माणिकराव आणि शोभाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. उन्हात दिवसभर हातोडी चालवून तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे आणि त्यांवर पुन्हा फोड यायचे. मुलगा भीमराज सायकलवर बिदरला जायचा. तिथं विमानतळावरच्या एका साहेबाच्या बंगल्यात तो बागेला पाणी घालायचा. शिमग्याच्या आसपास साहेबाची बदली झाली. सामान ट्रकात चढलं, कुत्रं जीपमध्ये बसलं, आणि साहेबानं पाळलेली टर्कीची जोडी तेवढी मागं राहिली. बाईसाहेबांनी ती भीमराजला देऊन टाकली.

भीमराज ती सायकलला बांधून घेऊन आला. नर पोत्यात, फक्त मुंडकं बाहेर, मादी टोपलीत. भीमनगरातली झाडून सगळी पोरं सायकलमागं पळत आली. पोतं सोडल्यावर नर अंगणात उभा राहिला, अंग झाडलं, आणि शेपटी पंख्यासारखी उघडून, पंख जमिनीवर घासत एक फेरी मारली. मुंडक्यावर एक पीस नाही. चोचीवरून मांसाची एक सोंड लोंबत होती. तेवढ्यात रस्त्यावर बिदरच्या बसनं हॉर्न दिला, तसा त्यानं मान पुढं करून असा काही गलबला केला की म्हातारा माणिकराव खाटेवरून उठून बसला. पोरं किंचाळली आणि मग हसून लोळायला लागली.

कोंडाबाईला पहिल्या दिवसापासून तो पक्षी आवडला नाही. दुष्काळात दोन तोंडं वाढली, असं ती म्हणाली. पण शोभाबाईनं जोडी आपल्या अंगावर घेतली. कामावरून येताना ती पदराच्या टोकात टोळ बांधून आणायची. कांद्याची पात चिरून घालायची. बंगल्यातल्या खानसाम्यानं भीमराजला जे जे सांगितलं होतं ते तिनं भीमराजकडून खोदून खोदून काढून घेतलं, आणि उरलेलं स्वतः बघून शिकली. संध्याकाळी ती अंगणात बसली की पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, आणि शोभाबाई, जी घरात चार शब्द मोजून बोलायची, ती पोरांशी घटकाभर बोलत राहायची.

ओरडतो तो नुसता नर, मादी अशी ओरडत नाही, हे तिनं त्यांना सांगितलं. त्याचं मुंडकं बघून त्याच्या मनातलं कळतं: रागावला की लाल, भ्याला की फिकट, आणि मादीपुढं नाचताना निळं आणि कपाळ पांढरं. नाचताना ती सोंड लांब होते आणि दाणे टिपताना आखूड. तो बारके खडे गिळतो, कारण त्याला दात नाहीत; पोटात खड्यांचं जातं करून त्यात दाणे दळतो. अंधार पडला की त्याला धड दिसत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत लिंबावर चढून बसतो. मग एखादं पोरगं "कूऽऽ" करून ओरडायचं आणि नर लगेच उत्तर द्यायचा. टाळी वाजली तरी उत्तर, घागर आपटली तरी उत्तर, म्हातारा खोकला तरी उत्तर. सांगता सांगता शोभाबाई पदर तोंडाला लावून हसायची. कोंडाबाई चुलीपुढून हे ऐकायची. आपल्या सुनेला हसता येतं, हे तिला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं, आणि का कोण जाणे, तिला ते खपलं नाही.

एक दिवस गुरुशांतप्पा मास्तर सकाळची शाळा सुटल्यावर वर्गच घेऊन भीमनगरात आले. गावातली वरच्या आळीची पोरं या बाजूला कधी पाऊल टाकत नसत. त्या दिवशी रांगेनं आली. मास्तरांनी सांगितलं की या पक्ष्याचं नाव तुर्कस्तानाचं असलं तरी त्याचं गाव अमेरिका आहे, आणि रानात असतो तेव्हा तो चांगला उडतो. पोरांचं लक्ष मास्तरांकडं नव्हतं. ती शोभाकाकीला विचारत होती आणि शोभाकाकी सांगत होती. कोंडाबाईनं चहा टाकला. मास्तरांचा त्या दिवशी सोमवारचा उपास होता, म्हणून ते चहाला शिवले नाहीत. मंगळवारी आले असते तर त्यांचा मंगळवारही असता, पण पोरांनी माठातलं पाणी मागून मागून प्यायलं, आणि कोंडाबाईचा ऊर भरून आला.

दुसऱ्या घटकेला ती घागर घेऊन हिरीकडं गेली. रस्त्यावर वरच्या आळीतली नागव्वा आपल्या नातीला घराबाहेर उभी करून तिच्यावर तांब्यानं पाणी शिंपडत होती. पोरगी हात पसरून अमेरिकेचा कोंबडा कसा नाचतो ते आजीला दाखवत होती. नागव्वानं कोंडाबाईला बघितलं, आणि बघूनही शिंपडायची थांबली नाही. कोंडाबाई मान खाली घालून पुढं गेली. घरी आल्यावर मात्र ती बोलायला लागली ती तीन दिवस बोलत होती. आपली पोरं काय उकिरड्यावर लोळतात का, पाण्यानं काय धुऊन निघतं, असं काहीबाही. माणिकराव ऐकून घेत होता. छप्पन सालानंतर भीमनगरानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून तळ्यात सोडणारा पहिला माणूस तोच. आपल्या घरात कुणी बाई महिन्याला बाहेर बसणार नाही, हेही त्यानंच ठरवलं होतं. कोंडाबाईनं ते मानलं होतं. खुडूक कोंबडीच्या टोपलीपुरतं तेवढं तिनं आपलं जुनं चालू ठेवलं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चैत्रात मादीनं कुंपणाच्या काट्यात अंडी घातली. मोठी, ठिपक्या ठिपक्यांची. ती त्यांवर बसणार तोच गावातली कुत्री आली. शोभाबाई हातोडी टाकून कामावरून धावत येईपर्यंत मादीची पिसं तेवढी उरली होती. अंडी शाबूत होती. नर लिंबावर चढून बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला नाही, आणि शोभाबाईही जेवली नाही. आता वंश राहायचा तर तो त्या सात अंड्यांत होता.

कोंडाबाईची स्वतःची कोंबडी त्याच वेळी खुडूक झाली होती. बातमी भीमनगरभर झाली आणि अंडी बसवायच्या वेळी अंगणात बायांची ही गर्दी. कोंडाबाईनं पदर खोचला. सात विलायती अंडी मांडली आणि जोडीला चार घरची ठेवली, कोंबडीला ओळखीचं काहीतरी असावं म्हणून. तेव्हा शोभाबाई मागून हळूच म्हणाली, "आत्या, ह्यांला चार आठवडे लागतेत म्हनं. खानसामा सांगत हुता. कोंबडीची आन् ही एका वक्ताला निघत न्हाईत."

बायांनी कोंडाबाईकडं बघितलं. राघोबाची आई जरा जास्तच बघत होती. कोंडाबाईच्या कानशिलात रक्त चढलं. तिनं मान न वळवता म्हटलं, "सात वर्सं दिवस मोजायलीस, एकदा तरी भरले का? आन् मला शिकवायलीस."

दोघीतिघी हसल्या. बाकीच्यांनी जमिनीकडं बघितलं. शोभाबाईनं पदर पुढं ओढला आणि ती आत गेली. कोंडाबाईनं कोंबडी उचलून अंड्यांवर ठेवली. आपण बोललो ते जास्त झालं, हे तिला त्याच घडीला कळलं होतं. पण बोललेलं परत घ्यायची त्या घरात सासवांना सवय नव्हती.

मधल्या दिवसांत एकदा शोभाबाईच्या पोटात दुखायला लागलं म्हणून ती कामावर गेली नाही. संध्याकाळी कोंडाबाई आली तर टोपली कोपऱ्यातून हलून खांबाजवळ आलेली. लाल मुंग्यांची रांग भिंतीतून निघून टोपलीवर चढत होती, कोंबडी अंग झाडत होती, म्हणून उचलून राख टाकली, असं शोभाबाईनं सांगितलं. कोंडाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पोटदुखी कशाची ते ओळखलं.  रात्रीच्या भाकरी थापताना तिनं ठरवून टाकलं, की काही वाईट झालं तर ते कशानं झालं म्हणायचं.

तीन आठवडे भरले. घरची चारही अंडी फुटून चार पिल्लं बाहेर आली, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी त्यांना घेऊन अंगणात हिंडायला लागली. सात विलायती अंडी टोपलीत तशीच पडली होती. विलायती पिल्लं बघायला बाया आल्या, पोरं आली. टोपलीत वाकून बघायला लागली. कोंडाबाईनं एक अंडं उचललं आणि कानाशी धरून हलवलं.

नासकं अंडं डुचमळतं. हे डुचमळलं नाही. जड होतं, आणि एका बाजूला भरलेलं होतं. तीस वर्षं अंडी हाताळलेल्या तिच्या हातानं तिला साफ सांगितलं की आत काहीतरी आहे. पण पुढ्यात राघोबाची आई कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि कोंडाबाईची कोंबडी आयुष्यात पहिल्यांदा अंडी सोडून उठली होती. आणखी एक आठवडा थांबू म्हणावं, तर सून खरी ठरत होती. कोंडाबाईनं हाताचं ऐकलं नाही.

"नासलीत," ती म्हणाली. आणि कुणी काही विचारायच्या आत पुढं म्हणाली, "विटाळात टोपलीला हात लावली ही. वांझंचा हात. काय निघनार?"

 शोभाबाई दारात उभी होती. तिनं हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता. "मुंग्या लागल्या हुत्या आत्या. आनी आठ दिस ठिवा. मी तुमच्या पाया पडते."

कोंडाबाईनं टोपली तिच्याकडं सरकवली. "तूच नासवलीस, तूच टाकून ये उकिरड्यावर."

शोभाबाईनं टोपली उचलली. बायांनी तिला वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. ती घरामागच्या उकिरड्याकडं गेली आणि बऱ्याच वेळानं रिकामी टोपली घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. आईकडं जाऊन येते, एवढंच म्हणाली. भीमराज तिला बसपर्यंत सोडायला गेला. परत येऊन तो घरात टेकलाही नाही. हातोडी घेऊन कामावर गेला. बसनं हॉर्न दिला तेव्हा नरानं लिंबाखालून उत्तर दिलं होतं, ते कोंडाबाईनं घरात बसून ऐकलं.

मग रोज संध्याकाळी पोरं यायला लागली. आजी, ह्याचं मुंडकं आज पांढरं कामून झालं? आजी, ह्यो नाचत कामून न्हाई? कोंडाबाईला त्यातलं काही सांगता येत नव्हतं. शोभाकाकी कवा येनार, हे विचारून पोरं निघून जायची. नर अंगणात एकटा उभा असायचा. त्याला बघितलं की कोंडाबाईला चोरी पकडल्यासारखं व्हायचं, आणि ती त्याच्यापुढं दाणे टाकून पाठ फिरवायची.

त्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी, त्याच पोरांतली एक पोरगी पळत आली. उकिरड्यावर कावळ्यानं अंडं फोडलंय आणि आत पिल्लू आहे, म्हणाली.

कोंडाबाई उठली. उकिरड्यावर कडबा आणि शेण उन्हानं धुमसत होतं. पाय ठेवला तर चटका बसत होता. वरच दोन अंडी पडलेली. एक फुटलं होतं. आत पिल्लू होतं, पुरं झालेलं. अंगावर लव होती, पायाला नखं होती, आणि चोचीवर बाजरीच्या दाण्याएवढा उंचवटा होता, जिथं पुढं सोंड यायची. मान कावळ्यानं मोडली होती. रक्त अजून ओलं होतं.

तिनं दुसरं अंडं उचलून कानाशी धरलं. आतून कुणीतरी हळू हळू टोकरत होतं.

ती घराकडं धावली. पन्नाशीची बाई डोक्यावरचा पदर सुटून धावतेय, हे दारोदारच्या बायांनी बघितलं. कोंबडीखाली ठेवायला गेली तर कोंबडीनं टोच मारली; तिला आता चार पिल्लं होती आणि अंड्याशी तिचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. कोंडाबाईनं अंडं चोळीत छातीशी धरलं आणि ती चुलीजवळ बसून राहिली. हलली नाही, पाणी प्यायली नाही. आतलं टोकरणं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. अंड्याला एक बारीक तडा गेला. त्यातून चोचीचं टोक दिसलं. दिवस कलायला लागला तेव्हा ते टोक हलायचं थांबलं, आणि मग हललंच नाही. कोंडाबाईनं बसवलेलं रिकामं जात नव्हतं. हे तिच्या छातीशीच गेलं.

कामावरून आलेल्या माणिकरावनं ते बघितलं. काय झालं ते त्यानं विचारलं, आणि या वेळी तिनं सगळं सांगितलं, मुंग्यांपासून.  त्यानं फावडं घेऊन लिंबाच्या बुडाशी खड्डा केला, दोन्ही पिल्लं त्यात ठेवली, माती लोटली. मग फावडं भिंतीला लावून म्हणाला, "नागव्वा नातीवर पानी शिंपडली, तवा तू तीन दिस बोलत हुतीस." एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

कोंडाबाईला त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. रस्त्यावर मान खाली घालून चालणारी ती स्वतः तिला दिसत होती, आणि अंगणात बायांनी वाट करून दिली तेव्हा मान खाली घालून टोपली नेणारी शोभा दिसत होती, आणि त्या दोघींत काही फरक नव्हता. फरक होता तो तांब्या कुणाच्या हातात होता याचा. तिनं त्या रात्री कुणाला तोंड दाखवलं नाही. आणि मग अंधारात पडल्या पडल्या तिच्या ध्यानात आलं की अंडी सात होती आणि उकिरड्यावर दोनच.

शोभाबाईला जाऊन दहा-बारा दिवस झाल्यावर ती कडगंचीला निघाली. तेवढे दिवस तिला धीर झाला नव्हता. बिदरला बस बदलली, गुलबर्ग्याला बदलली. खिडकीतून गरम वारा आणि धूळ तोंडावर येत होती. वाटेत तिनं एकच वाक्य जुळवलं, माझं चुकलं, चल घरी, आणि ते गुलबर्ग्यापर्यंत नीट पाठ होतं. आळंदच्या रस्त्याला लागल्यावर ते सुटायला लागलं.

शोभाबाईची आई इंदिराबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं विहिणीला बघितलं, सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या दिला. रीतीत काही कमी केलं नाही. मग विचारलं, "न्यायला आलाव, का बगून जायला?"

कोंडाबाईनं पाणी प्यायलं. जुळवलेलं वाक्य कुठं गेलं ते तिला सापडलं नाही. शोभा कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं. इंदिराबाईनं परसाकडं मान केली.

परसात लिंबाच्या सावलीत शोभाबाई उकिडवी बसली होती. पुढ्यात पोतं अंथरलं होतं, त्यावर ज्वारीच्या कण्या आणि बारीक चिरलेली पात. पोत्यावर तीन पिल्लं उभी होती. लांब मानेची, पिवळट, पाय जरा जास्तच मोठे. कण्या त्यांच्या पायांखाली होत्या आणि ती आभाळाकडं बघत होती. शोभाबाई बोटाच्या नखानं पोत्यावर टकटक करत होती. थांबून पुन्हा टकटक. एक पिल्लू बोटाकडं बघायचं, बोट टिपायचं, आणि टिपता टिपता एखादी कणी त्याच्या चोचीत जायची.

सासूला बघून तिनं पदर सारखा केला. उठली नाही. हात चालूच होता.

कोंडाबाई चार पावलांवर बसली. गुडघे कडकडले. तिनं विचारलं, पिल्लं खात का नाहीत.

"येत न्हाई त्यांला," शोभाबाई म्हणाली. पोरांना सांगायची तसंच सांगत होती, पण हसत नव्हती. "कोंबडीचं पिल्लू निघालं की आपलं आपन टिपाय लागतंय. ह्यांला आई दावती. न्हाई दावलं तर दान्यात हुबं राहून उपाशी मरतेत. पाच आनले हुते. दोन निघालेच न्हाईत."

कोंडाबाईनं विचारलं, एवढ्या लांब कशी आणलीस.

"पोटाला बांधून. लुगड्याच्या आत. पाचच मावले." शोभाबाईनं एका पिल्लाची मान अलगद खाली वळवली. "बसमदी एक बाई इचारली, कितवा म्हैना. मी म्हनले, सातवा. ती उठून मला जागा दिली."

 कोंडाबाईला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. पण जमीन उन्हानं आधीच फाटलेली होती आणि तिच्यात कुणी जात नव्हतं. आपण या पोरीला सात वर्षं घरात ठेवलं आणि एकदाही उठून जागा दिली नाही, हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिला सुनेकडं वर तोंड करून बघवेना.

"चल घरी," ती पोत्याकडं बघत म्हणाली. "माझं हात मला सांगत हुतं. अंडं जड हुतं. मीच ऐकले न्हाई."

शोभाबाईचं बोट थांबलं. ती सासूकडं बघत राहिली. मग पुन्हा टकटक सुरू झाली. "पिल्लं जगू द्या," ती म्हणाली. "मग बगू."

तीनपैकी एक पिल्लू बाजूला डुलत उभं होतं. बारकं होतं, डोळे मिटायला लागलं होतं, आणि शोभाबाईचा एक हात दोघांकडंच पुरत होता. कोंडाबाईचा हात आपोआप पुढं गेला. तीस वर्षं अशी पिल्लं उचललेला हात. अर्ध्यावर तो थांबला. तिनं तो मागं घेतला आणि पदरात धरला.

"लावू का हात?" तिनं विचारलं.

शोभाबाईनं तिच्या हाताकडं बघितलं. तीन बसची धूळ त्यावर होती, नखांत काळं होतं, तळव्यावर खडीचे फोड होते.

"हात धुऊन या, आत्या," ती म्हणाली.

ती साधंच बोलली होती. पिल्लं नाजूक होती आणि हात मळलेले होते. पोरांनाही ती हेच सांगायची. पण कोंडाबाईला त्यात नागव्वाचा तांब्या दिसला. मग गुडघ्यांवर भार देऊन उठली, रांजणाकडं गेली, तांब्या भरला. दुष्काळाचं पाणी होतं, जपून घ्यायला हवं होतं. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, नखांतलं काळं काढलं. पुरते धुऊन झाल्यावर तिनं पुन्हा तांब्या भरला. इंदिराबाई दारातून बघत होती, आणि तिनं तिला अडवलं नाही.